तालुक्याच्या एमआयडीसीत हायटेक कारखाना का येत नाही?

ताई, तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी ते आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या उपसरपंच, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेल्या. तालुक्याच्या एमआयडीसीत निम्म्याहून जास्त प्लॉटवर बाभळी उगवल्यात आणि गावची शिकलेली पोरं चाकण, हिंजवडी, बंगळुरूला. जमीन आपल्याकडे स्वस्त, सवलती जास्त, मग इलेक्ट्रॉनिक्स, औषधं, विमानाचे भाग हे सगळं त्याच चार-पाच शहरांभोवती का गोळा होतं? सरकारकडे नेमकं काय मागायचं? आणि गावची ई-क्लास म्हणजे गायरानाची जमीन ‘ड्रोन पार्क’साठी मागणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं?

मी यंत्र-अभियंता. आधी नागपूरजवळ हिंगण्याला कारखान्यात होतो, नंतर बरीच वर्षं विदर्भातल्या लहान कारखान्यांचे प्रकल्प अहवाल करायचे, कधी बँकेच्या बाजूने तेच तपासायचे, हे काम केलं.

सवलतीचं आधी निकालात काढू. राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे. ए, बी, सी, डी, डी प्लस अशी तालुक्यांची वर्गवारी, आणि तालुका जितका मागास तितकी सवलत जास्त. एवढी वर्षं योजना चालूनही तुमच्या एमआयडीसीत बाभळीच आहेत, याला कारण आहे. सवलतीने खर्चातली तूट भरून निघते. नाजूक, तंत्रज्ञानावर चालणाऱ्या कारखान्याचा जीव मात्र शेजारावर असतो, आणि शेजारी सवलतीत मिळत नाही.

हे बारकाईने दाखवतो. एका तालुक्याच्या एमआयडीसीत एका तरुणाने एलईडी दिव्यांचे आणि शेतीपंपाच्या स्टार्टरचे सर्किट बोर्ड भरायचं युनिट टाकलं होतं. यंत्र चांगलं, पोरं हुशार, कर्जही वेळेत मिळालेलं. बोर्डावर पार्ट बसवण्याआधी त्यावर सोल्डर पेस्ट, म्हणजे पार्ट बोर्डाला जोडणारा लगदा, छापावी लागते. ही पेस्ट फ्रीजमध्ये, शून्य ते दहा अंशांत ठेवायची असते. पुण्याहून डबा निघायचा बर्फाच्या पेटीतून, पण मे महिन्यात कुरिअरच्या पत्र्याच्या गोदामात दोन दिवस पडला की पेटीत नुसतं पाणी. पेस्टमधला फ्लक्स (सोल्डर नीट धरायला मदत करणारं रसायन) वेगळा झालेला, छपाई फिसकटलेली, आयसीच्या बारीक पायांमध्ये शॉर्ट. अख्खा लॉट परत. भोसरीत असं झालं तर मालक शेजारच्या गाळ्यातून एक डबा उसना आणतो आणि संध्याकाळपर्यंत व्यापारी नवा पोचवतो. पुढे पार्ट बसवणाऱ्या यंत्राचा सर्वो ड्राइव्ह, म्हणजे मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग, गेला. दुरुस्तीवाला पुण्याहून यायचा म्हणजे त्याचं जाण्यायेण्याचं भाडं, मुक्काम, आणि तो येईपर्यंत कामगार बसून. त्या पोराने शेवटी हिशोब मांडला आणि सवलतीवर पाणी सोडून, जास्त भाडं भरून भोसरीला गेला. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

अर्थशास्त्रात हे जुनंच आहे. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये शेफील्डच्या सुऱ्या-कात्र्यांसारख्या उदाहरणांवरून एकाच धंद्याचे कारखाने एकाच गावात का जमतात ते सांगितलं. त्या धंद्यातला कामगार तिथे जाऊन राहतो, कारण एक नोकरी सुटली तर पलीकडच्या गल्लीत दुसरी मिळते. मालकालाही कामगार शोधत फिरावं लागत नाही. एका कारखान्याच्या जिवावर न जगू शकणारा सुट्या भागांचा, हत्यारांचा, दुरुस्तीचा धंदा पन्नास कारखान्यांच्या जिवावर जगतो. आणि कामातल्या युक्त्या चहाच्या टपरीवर, नातेसंबंधांत, नोकरी बदलताना इकडून तिकडे जातात. तंत्रज्ञान जितकं नवं, तितकं ते कागदावर कमी आणि माणसांच्या डोक्यात जास्त असतं, म्हणून हे शेवटचं कारण हायटेकला सगळ्यात जास्त लागू पडतं.

मग पहिला शेजारी कुठून येतो? दुधाला विरजण लागतं तसं कुठलातरी एक मोठा कारखाना किंवा संस्था आधी लागते, आणि ती कुठे उभी राहील हे पुष्कळदा योगायोगावर ठरतं. बंगळुरूचं बघा. १९०९ मध्ये टाटांची विज्ञानसंस्था म्हैसूर दरबाराने दिलेल्या जमिनीवर स्थापन झाली. १९४० मध्ये वालचंद हिराचंद यांनी विमानांचा कारखाना काढला, तोही म्हैसूर सरकार मदतीला उभं राहिलं म्हणून तिकडे. म्हणजे माणूस आपल्या सोलापूरचा, कारखाना त्यांचा. तोच पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स. मग १९४८ मध्ये टेलिफोनचा, १९५३ मध्ये यंत्रं बनवणाऱ्या एचएमटीचा, १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकेची चिप कंपनी तिथे आली तेव्हा या सरकारी कारखान्यांत दोन पिढ्या घडून तयार होत्या. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि दोनच वर्षांत बंगळुरूला गेली.

हैदराबादचं त्याहून बोलकं. केंद्र सरकारच्या आयडीपीएलने तिथे औषधांचा कारखाना उभारला. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर हक्क न देता तो बनवायच्या पद्धतीवर दिला, त्यामुळे तोच रेणू वेगळ्या वाटेने बनवू शकणारा रसायनतज्ज्ञ एकदम मोलाचा झाला. असे तज्ज्ञ आयडीपीएलमध्ये तयार होत होते. अंजी रेड्डी तिथेच नोकरीला होते; बाहेर पडून त्यांनी पुढे १९८४ मध्ये डॉ. रेड्डीज काढली. त्यांच्यासारखे आणखी कितीतरी बाहेर पडले. आयडीपीएल स्वतः आजारी पडून संपली, पण हैदराबाद औषधांचं शहर झालं ते झालंच. सरकारी कारखाना तोट्यात गेला म्हणजे पैसा वाया गेला, हे म्हणूनच मला सरसकट पटत नाही. माणसं कुठे गेली ते बघायला हवं.

चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरलाही असंच. २००६ मध्ये नोकियाने मोबाइल बनवायला सुरुवात केली, कामावर बहुतेक खेड्यापाड्यांतल्या मुली. २०१४ मध्ये कारखाना बंद पडला तेव्हा ‘संपलं सगळं’ असंच सगळे म्हणत होते. पण ओळीवर काम करायला शिकलेली माणसं, रस्ता, बंदर, पुरवठादार तिथेच होते. नोकियाची ती जागा पुढे चार्जर बनवणाऱ्या सालकॉम्पने घेतली आणि आज तो पट्टा पुन्हा फोन बनवतोय.

उलट उदाहरण हिमाचलच्या बद्दीचं. २००३ मध्ये केंद्राने करसवलतीचं पॅकेज दिलं आणि गोळ्या-औषधांचे कारखाने धडाधड उभे राहिले. रोजगार झाला, हे नाकारत नाही. पण गोळी बद्दीत दाबली जाते आणि तिचं संशोधन हैदराबाद, मुंबई, अहमदाबादकडे राहिलं. चिपच्या कारखान्याचं तर नावच सोडा. साणंदच्या मायक्रॉन प्रकल्पात निम्मा खर्च केंद्र आणि २० टक्के गुजरात सरकार उचलतंय. त्या बोलीत तालुक्याने उतरायचं कारण नाही.

आता आपल्याकडे वळतो, कारण ‘विदर्भात कधी काही नव्हतंच’ हे ऐकून कान किटलेत. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपूरला एम्प्रेस मिल काढली ती १ जानेवारी १८७७ ला. कापूस जवळ, कोळसा जवळ, बाजार जवळ. सूत कातायची त्या काळी नवी असलेली रिंग स्पिंडल या मिलने फार लवकर वापरून पाहिली. त्या काळचं हायटेकच ते. मग त्यातून यंत्रांचा धंदा का उभा राहिला नाही? कोइमतूरही कापसाचंच. पण तिथे शेतकऱ्याच्या खोल विहिरीला पंप लागत होता, १९३० च्या दशकात पायकाराची जलविद्युत आली, १९२६ मध्ये पीएसजीची औद्योगिक शिक्षणसंस्था निघाली होती, आणि मिलमालकांनी स्वतःच्याच पोरांना फाउंड्री आणि लेथवर घातलं. १९३७ मध्ये तिथे विजेची मोटर तयार झाली, १९६२ मध्ये सूतगिरण्यांची यंत्रं बनवणारी लक्ष्मी मशीन वर्क्स. आज शेतीपंप म्हटलं की कोइमतूर. वऱ्हाडात मात्र रेल्वे आली ती कापूस बाहेर नेण्यासाठी. १८७० मध्ये खामगावला फाटा, पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला. गाठ बांधायची आणि मुंबईला पाठवायची. यंत्र बिघडलं तर भाग बाहेरून मागवायचा. व्यापाऱ्याला यातच बरा नफा होता, मग फाउंड्रीत हात कोण काळे करणार?

तरी एक धागा इथे टिकला आणि आपल्याच लोकांना त्याची खबर नाही. नागपुरात बनलेली डबल रोलर जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायची, यंत्रं आज आफ्रिकेतल्या कापूस पिकवणाऱ्या देशांत जातात. बजाज स्टील ही त्यातली मोठी कंपनी. कापूस तंत्रज्ञान संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र अमरावती रोडवर आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरात आहे. जिनिंग फॅक्टऱ्या तर यवतमाळ, वणी, पांढरकवडा, हिंगणघाट सगळीकडे. एकाच धंद्याचे कारखाने, यंत्रवाले, संस्था अशा जवळजवळ जमल्या की त्याला क्लस्टर म्हणतात, फक्त त्यावर बोर्ड लावलेला नाही.

दुसरा धागा स्फोटकांचा. कोळसा काढणाऱ्या वेकोलिचं (वेस्टर्न कोलफील्ड्स) मुख्यालय नागपुरात, खाणी वणी, चंद्रपूर, उमरेडला. खाणीला स्फोटकं लागतात, आणि ती बनवायला गावापासून सुरक्षित अंतर राखून मोकळी जमीन लागते. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या पेसो या केंद्राच्या खात्याचं मुख्यालयही नागपूर. आयुध निर्माण्या अंबाझरी, भंडारा आणि भद्रावतीला, दारूगोळ्याचं मोठं भांडार पुलगावला. या सगळ्यातून १९९५ मध्ये सुरू झालेली सोलर इंडस्ट्रीज खाणीच्या स्फोटकांवरून पिनाका रॉकेट आणि नागास्त्र या लक्ष्यावर जाऊन फुटणाऱ्या ड्रोनपर्यंत पोचली. नागास्त्र २०२४ मध्ये लष्कराकडे गेलं. हे एका मंत्र्याच्या घोषणेने झालं नाही, कोळशापासून पायरीपायरीने झालं. पण याची दुसरी बाजूही बघा. डिसेंबर २०२३ मध्ये बाजारगावजवळ याच कंपनीच्या कारखान्यातल्या स्फोटात नऊ कामगार गेले, त्यांत सहा बायका. जून २०२४ मध्ये धामण्याला दुसऱ्या एका कारखान्यात पुन्हा तसंच, आणि तिथेही जास्त करून बायकाच. पॅकिंगच्या टेबलावर आसपासच्या गावच्या पोरी असतात. असा कारखाना तुमच्या भागात आला तर ग्रामपंचायतीने नोकऱ्यांच्या यादीआधी सुरक्षेच्या तपासणीचा अहवाल मागावा, हे माझं स्पष्ट मत.

तिसरा धागा मला सगळ्यात जवळचा, कारण तो थेट वावरात आहे. जालन्याला १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको काढली. तिथे शिकलेल्या लोकांनी आणि त्यांचं पाहून इतरांनी बियाण्यांच्या कंपन्या काढल्या, आणि जालना बियाण्यांचं गाव झालं. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा हे तालुके त्याला लागून. आज तिथल्या गावांत दहा-वीस गुंठ्यांची शेडनेट ओळीने दिसतात, आत टोमॅटो, मिरची, काकडीचं संकरित बियाणं. टोमॅटोत उमलायच्या आदल्या दिवशी कळी चिमट्याने उघडून आतले पुंकेसर अलगद काढायचे, मधल्या दांडीला धक्का लागला की फूल गळलं. दुसऱ्या सकाळी नराच्या फुलांतून गोळा केलेले परागकण लावायचे. खूण म्हणून देठाजवळची दोन हिरवी पानं कात्रीने छाटायची. तोडणीत ज्या फळाची पानं अख्खी, ते फळ बाजूला. हे काम करणाऱ्या बायकांचा हात इतका बसलेला असतो की बोलता बोलता कळ्या उघडत जातात. एखाद्या प्रयोगशाळेत हेच काम असतं तर आपण त्याला तंत्रज्ञ म्हणून पगार दिला असता.

पण पैसा कुठे थांबतो ते बघा. नर आणि मादीचे मूळ वाण कंपनीचे. कास्तकार करारावर बी तयार करून देतो. नंतर त्या बियांचा नमुना पेरून झाडं शुद्ध निघतात का ते तपासतात, ती ग्रो आउट टेस्ट. निकाल लागेपर्यंत पूर्ण पेमेंट अडकतं आणि नापास झाला तर लॉटच नाकारला. म्हणजे क्लस्टर गावात आलं, पण हात म्हणून आलं. मूळ वाण, चाचणीची लॅब, प्रक्रिया केंद्र यांतलं काही गावाकडे आलं तरच खरी पायरी चढली.

एक छोटा हिशोब सांगतो, तुम्ही कुठल्याही धंद्याला लावू शकता. समजा देशात हजार कामगारांमागे पाच जण एखाद्या धंद्यात आहेत आणि तुमच्या जिल्ह्यात हजारामागे वीस. भागाकार चार. एकच्या वर गेला म्हणजे तुमच्याकडे त्या धंद्याचा जोर आहे. मात्र लहान तालुक्यात एकच मोठा कारखाना असला तरी हा आकडा फुगतो. बल्लारपूरच्या कागदाचा आकडा प्रचंड निघेल, पण म्हणून ते क्लस्टर होत नाही. म्हणून मी नेहमी दुसरा प्रश्न विचारतो: इथला कामगार काम न बदलता, गाव न सोडता मालक बदलू शकतो का? म्हणजे त्याच कसबावर पलीकडे दुसरं दार आहे का? नसेल तर तो फक्त एक कारखाना.

तर मागायचं काय. तुमचा जिल्हा कापसाचा, तेव्हा जिनिंगपासून सुरू करा. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळ) खरेदीत ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की कापूस परत, आणि आठच्या वर गेला की भावात कपात. दर हंगामात केंद्रावर भांडण होतं ते ओलाव्याच्या मीटरवरून. तुम्ही इलेक्ट्रॉनिक्स शिकलात. जवळच्या चार जिनिंगवाल्यांकडे जाऊन एवढंच विचारा की ओलावा मोजायचं मीटर, प्रेसचे कंट्रोल पॅनल, मोटरचे ड्राइव्ह बिघडले की कुठे पाठवता, किती दिवसांनी परत येतात आणि किती बिल होतं. भारतीय कापसाच्या कस्तुरी कॉटन या ब्रँडसारख्या योजनेत गाठीला क्यूआर लागतो, तो कोण लावून देतं? या उत्तरांत तुमच्या तालुक्याचा पहिला तंत्रज्ञानाचा धंदा दडलेला असू शकतो. दुरुस्ती आणि मीटरचं कॅलिब्रेशन (बरोबर मोजतं का ते जुळवणं) आधी, बनवणं नंतर.

हे एकट्याने होत नाही. जिनिंगवाल्यांचा गट केला तर केंद्राच्या सूक्ष्म व लघुउद्योग क्लस्टर योजनेतून सामायिक सुविधा केंद्राला अनुदान मिळू शकतं: चाचणीची लॅब, रोलर दुरुस्तीचं वर्कशॉप असं काही. जिनिंगवाले एकमेकांचे भाव पाडणारे लोक, त्यांना एका टेबलाशी बसवणं हेच सगळ्यात अवघड काम, आणि ते बाहेरच्या सल्लागारापेक्षा गावची बाई चांगलं करू शकते. आयटीआयमध्ये ‘इलेक्ट्रिशियन’च्या आणखी जागा मागण्यापेक्षा जिनिंग यंत्रांच्या देखभालीचा अभ्यासक्रम मागा आणि शिकवणारे त्याच फॅक्टऱ्यांचे फिटर घ्या. एमआयडीसीला स्वतंत्र फीडर, म्हणजे विजेची वेगळी लाइन, मागा, कारण व्होल्टेज वरखाली होत राहिलं तर ड्राइव्ह जळतच राहणार.

आता तो ड्रोनवाला. ई-क्लास जमीन शासनाची आहे, ग्रामपंचायत तिची राखणदार. ठराव दिल्याने जमीन त्याची होत नाही, पण तोच ठराव हातात धरून तो बाहेर पैसा गोळा करू शकतो. गायरानाबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानंतर राज्यानेही त्याच वर्षी खाजगी माणसाला अशी जमीन देण्यावर बंधन घातलं. तेव्हा त्याला एमआयडीसीचा प्लॉट घ्यायला सांगा. शिवाय ड्रोनचा मोटर, बॅटरीचे सेल, कंट्रोलर कुठून येणार, पहिला ग्राहक कोण, हे विचारा. ‘नमो ड्रोन दीदी’चं नाव सांगेल; त्या योजनेत १५ हजार बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलं होतं, पण ड्रोन पुरवणाऱ्यांत हा माणूस आहे का ते कागदावर दाखवू दे. आणि सगळ्यात आधी, २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे त्याच्या एका तरी मॉडेलला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे ते मॉडेल नियमांत बसतं असा दाखला, मिळालंय का? त्याची प्रत आणि कंपनीचे मागच्या दोन वर्षांचे ताळेबंद ग्रामसेवकाकडे जमा होईपर्यंत हा विषय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घेऊ नका.